शमुवेलकडे उरलेला शब्द

शमुवेलच्या तोंडात शिव्यांना कधी सुट्टी नसायची. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या कारखान्यात तो कटिंग मास्तर होता. कापड तिरपं कापलं गेलं की शिवी, वीज गेली की शिवी, आणि शेठनं चहा पाजला तरी आनंदाची एक शिवी.

लग्न होऊन घरात आल्यावर कौसाबाईनं कंबर कसली. चहाचा कप पुढे करायची आणि त्यानं हात लावला की मागे घ्यायची. "आधी उपकार म्हणा, मग प्या." प्रभूचे उपकार मानल्याशिवाय तिच्या घरात घास कुणाच्या तोंडात जात नसे. शमुवेल आधी चिडून म्हणायचा, मग तिला चिडवायला, आणि पुढे खरोखर मनापासून म्हणू लागला, "उपकार, बापा." नळाला पाणी आलं, उपकार. पाय मुरगळला पण मोडला नाही, त्याचेही उपकार. शिव्या कधी गळून पडल्या ते त्यालाही कळलं नाही. चर्चमध्ये कौसाबाई ही साक्ष मोठ्या तोऱ्यात द्यायची, आणि तो तोरा तिला शोभायचाही.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली, खुणा करणंही जमेना. एक शब्द तेवढा राहिला. रोज घोकलेलं कधीकधी असं मागे राहतं, डॉक्टर म्हणाले. तहान लागली, उपकार. चादर ओली झाली, उपकार. कौसाबाई पाणी धरायची, तो मान फिरवायचा. कूस बदलून द्यायची, तरी तेच. शेवटी दोघंही रडायची.

एका रविवारी चर्चची मंडळी त्यांच्या खरवईच्या घरी प्रार्थनेला आली. शमुवेल घाईघाईनं म्हणू लागला, "उपकार, उपकार." पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "बघा, एवढ्या दुखण्यातही हा माणूस आभार मानतोय. देवाची स्तुती असो." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कौसाबाईनंही वाजवल्या, भोळी ती. गाणं सुरू झालं तसा त्याचा आवाज आणखी चढला.

मंडळी गेल्यावर तिनं चादर काढली. उजव्या पायाला शेक म्हणून ठेवलेली गरम पाण्याची पिशवी गळून पोटरीखाली सगळं पाणी झालं होतं. पाय हलत नसला तरी भाजलेलं त्याला कळत होतं. पोटरीवर फोड आले होते. इतका वेळ तो हेच सांगत होता.

तिनं थंड पाणी ओतलं, मलम लावलं. आणखी कुठे दुखतंय का, तिला कळेना आणि त्याला सांगता येईना. तिला देवाचा राग आला, पाळकांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. किती मेहनतीनं तिनं या माणसाची जीभ धुऊन काढली होती.

ती त्याच्या उशाशी बसली. "अहो, शिवी द्या. मला द्या, देवाला द्या, मी काही नाही बोलणार. दुखतंय एवढं तरी कळू दे मला."

शमुवेलनं जोर लावला. मानेची शीर फुगली, डोळ्यांतून पाणी आलं.

"उपकार," तो म्हणाला.