बारवेच्या फोटोखालची ओळ

गावाच्या इतिहासाच्या प्रदर्शनात बारवेचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, 'हिचं पाणी सगळं गाव प्यायचं.' लहानपणी माझी आई त्याच बारवेवर घागर घेऊन ताटकळायची. आमच्या जातीला पायऱ्या उतरायची बंदी होती. कुणाला दया आली, तर तो वरून पाणी ओतायचा.

एवढंही खाली लिहा, असं मी संयोजकांना सांगितलं. ते हसले. "आवं, सांगलीचं पाहुणं येत्यात. कशाला जुनं उकरताय?"

माझं डोकंच फिरलं. इतिहास मांडून बसलेला माणूस मला जुनं उकरू नका म्हणत होता. मी खिशातलं पेन काढलं आणि त्यांच्यादेखत 'सगळं' हा शब्द खोडला.