मिशीवाल्यांसाठी झाड

माझ्या पोरीचा श्वास वाजतो. झोपली तरी छातीत कुणी बारीक शिट्टी धरून बसल्यासारखं सूं सूं चालू असतं, आणि मी तिच्या शेजारी पडून तो ऐकत राहते. मध्येच आवाज थांबला की मीच उठून बसते. तो थांबला हे चांगलं की वाईट, तेच मला कळत नाही.

डॉक्टरांनी वाफेचं मशीन दिलं. सकाळ-संध्याकाळ तोंडावर मास्क लावायचा, औषध संपेपर्यंत ठेवायचा. पण ती साडेतीन वर्षांची, मास्क बघितला की पलंगाखाली शिरायची. तिला ओढून काढायचं, मांडीत दाबून धरायचं, ती रडायची आणि रडण्यात औषध सगळं बाहेर. वाटायचं, आपणच हिचा जीव घुसमटवतोय.

दवाखान्यात माशांची एक टाकी होती. तिथे मात्र ती गप्प. वरचे रंगीत मासे सोडून एकदम खाली बघायची, जिथे बोटाएवढे मिशीवाले मासे रेतीत तोंड खुपसून काहीतरी शोधत फिरायचे. एकदा तिथेच, त्यांना बघता बघता, तिने अख्खा मास्क घेतला. मी नवऱ्याला फोनवर हे सांगताना रडलेच. रविवारी तो टाकी घेऊन आला. पाच मिशीवाले, खाली साधी रेती, बाकी काही नाही.

सासूबाई चांदीप गावच्या. आयुष्य भातशेतीत गेलं, आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नाही. टाकीत वाकून मिशा बघितल्या आणि म्हणाल्या, "हा तर शिंगाला. पाच शिंगाल्यांत कालवन कोनाला पुरंल?"

पोरगी हसली. मग खोकली.

पण ते मासे सारखे लपायचे. फिल्टरच्या मागे जाऊन एकमेकांवर चढून बसायचे आणि पोरगी मास्क ढकलून म्हणायची, "नाईयेत." मासे दिसले नाहीत तर औषध नाही, असा तिचा हिशेब. त्यात मी आणखी एक बघितलं. मध्येच एखादा मासा तळातून सुटायचा, सरळ वर यायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळायचा आणि परत खाली. म्हटलं, ह्यांनापण दम लागतो की काय. आमच्या घरात आलं ते सगळंच धापा टाकतं की काय.

शाळेत नववीपर्यंत जे काय शिकले त्यातलं एवढं डोक्यात होतं, की झाड हवा देतं. म्हणून मी गल्लीतल्या माशांच्या दुकानात गेले. आत दिवसासुद्धा हिरवा अंधार असतो, सगळीकडे पाण्याचा बुडबुड आवाज. तिथे उभं राहिलं की आपणच कुठल्या तरी टाकीच्या तळाशी आहोत आणि वरून कुणी बघतंय असं वाटतं. मी म्हटलं, "जास्त ऑक्सिजन देणारं झाड द्या, भरपूर द्या."

दुकानवाला म्हणाला, "ताई, मासे कुठले?"

"खालचे. मिशीवाले."

"मग थोडंच लावा, खालचा भाग मोकळा ठेवा..."

पुढचं मी ऐकलंच नाही. पोरगी घरी सासूबाईंजवळ होती, माझं लक्ष घड्याळात. लांब पातीची, बारीक पानाची, मिळाली ती सगळी झाडं एका जुडीत उचलली आणि निघाले.

घरी सासूबाईंनी जुडी हातात घेऊन मुळं बघितली. "नुसत्या रेतीत लावतेस? झाड काय खानार, रेती?" त्यांनी गावाहून कुंड्यांसाठी आणलेली माती काढली, शेणखत घातलेली, काळीभोर. त्यांच्या हातून कधी रोप मेलं नाही. मीपण भुईगावच्या वाडीत वाढलेली, खताशिवाय झाड मी तरी कुठे बघितलंय. दोघींनी मिळून माती रेतीखाली अंथरली, भाताची आवणी केल्यासारखी एकेक काडी खोवली. आवणी झाली आणि सासूबाईंचा चेहरा किती दिवसांनी फुलला. दुपारचं ऊन काचेतून आलं, हिरवी पाती हलायला लागली. मला झोप आल्यासारखं झालं, वाटलं, आता सगळं बरं होईल.

सकाळी टाकी चहासारखी. वास येत होता. पाचही मासे वर, सारखे वर, एक घोट गिळला की लगेच दुसरा. पोरगी काचेला नाक लावून ओरडत होती, "दिसत नाई, दिसत नाई," आणि तिची शिट्टी वाढलेली, गळ्याखालचा खड्डा आत आत जात होता. मी मास्क घेऊन धावले, तर ती पलंगाखाली.

सासूबाई उठल्या. मटणाचा मोठा टोप काढला, पिंपातलं पाणी ओतलं, चहाच्या गाळणीने एकेक मासा उचलून त्यात सोडला. मग पलंगापाशी बसून म्हणाल्या, "ये गं बाये, शिंगाल्यांची आंघोळ बघ." ती आली. सासूबाईंनी तिला टोपावर वाकवून धरलं आणि मी बाजूने मास्क लावला. औषध अर्धं गेलं, अर्धं सांडलं. पण गेलं. गळ्याखालचा खड्डा हळूहळू भरला.

मग तिला कडेवर घेऊन मी दुकानात. सगळं सांगितल्यावर दुकानवाला आधी पोटभर हसला. "टाकीत भात लावलात काय ताई?"

"हसू नका ना. मरतील का ते?"

त्याने पोरीकडे बघितलं. म्हणाला, "माती सगळी काढा, टाकी धुवा. हे मासे मिशांनी रेती चाळून खातात. बारीक, गुळगुळीत रेती पाहिजे, टोचणारी असली तर मिशा झिजतात. आणि खाली झाडांची दाटी केली तर ते फिरणार कुठे?"

"मग लपतात कशाला?"

"डोक्यावर सावली नाही म्हणून. उघड्यावर घाबरतात. सावली दिलीत तर तिच्या भरवशावर बाहेर येतील."

मी म्हटलं, "आणि वर येऊन श्वास घेतात ते?"

"ती त्यांची सवय आहे. एखादा घोट घेऊन खाली गेला तर काही नाही. सारखाच वर राहिला तर समजायचं, पाणी बिघडलं."

मी त्याच्याकडून हे पुन्हा वदवून घेतलं. मासा वर येतो आणि परत जातो. परत जातो.

या वेळी मी घाई केली नाही. एकेक झाड हातात घेऊन बघितलं. एक होतं जाड, रुंद पानांचं, गडद हिरवं. "हे सावकाश वाढतं," तो म्हणाला. "पण खोड पुरायचं नाही, सडतं. दगडाला बांधायचं, ते आपणच धरतं." दुसरं तसंच दगडावर बसणारं, लांब सुरकुतलेल्या पानांचं. आणि वर तरंगायला थोडंसं, मुळं लोंबणारं. दगडाला झाड बांधायचं ऐकलं आणि माझ्या हातांना एकदम काहीतरी आठवलं. आमच्या वाडीत पानवेली आधाराला बांधायचे, केळीच्या वाळक्या सोपटाने, सैलसर. सोपट कुजून गळेपर्यंत वेलीने आधार पकडलेला असायचा. घरी येऊन मी तसंच बांधलं, साध्या सुती दोऱ्याने, आवळलं नाही. सासूबाई दगड धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "खत नाय, माती नाय. उपाशी झाड हाय हे." पण दगड घट्ट धरला होता.

धुतलेल्या टाकीत दगड मागे ठेवले, पुढे सगळी मोकळी, बारीक रेती. पाणी पिंपात भरून ठेवलेलं, स्वच्छ. मासे सोडले तसे पानांखाली गेले आणि दिसेनासे झाले. झालं, म्हटलं, परत तेच.

संध्याकाळी मशीन लावलं. पोरगी मास्क हातात धरून बसली, लावू देईना. टाकीत हिरवं ऊन तरंगत होतं, वरच्या मुळांच्या सावल्या रेतीवर हलत होत्या. मी दाबून धरलं नाही. बऱ्याच वेळाने रुंद पानाखालून एक मिशी आली. मग तोंड. मग एकामागून एक पाचही जण मोकळ्या रेतीवर, आपले शोधत, चाळत, काही हरवल्यासारखे. पोरीने मास्ककडे न बघताच तो तोंडावर धरला.

औषध जवळजवळ संपलं होतं, तेव्हा एक मासा सुटला, सरळ वर, पाण्याबाहेर तोंड. माझा श्वास अडकला. पोरीने मास्क काढला आणि हात लांब करून तो काचेवर टेकवला, माशाच्या तोंडासमोर. वाफ काचेवर पसरली.

"घे," ती म्हणाली. "लडू नको. दुखत नाई."

मासा खाली गेला. तिने मास्क परत स्वतःला लावला, आणि मी तेव्हा कुठे श्वास सोडला.