पेट्रोलचा जोगवा

नाशिकला निघायला दोन दिवस राहिले आणि टँकरवाल्यांच्या संपाची आवई उठली. दुपारपर्यंत कवठे महांकाळच्या पंपावर ही झुंबड. आमची एकुलती एक लेक, वैशाली, फौजदार झाली होती. नाशिकच्या पोलीस अकादमीत तिची शेवटची परेड सकाळी सातला होती आणि "आई, तू समोर दिसली पाहिजेस, तुझ्याकडं बघूनच पाऊल टाकणार मी," असं ती फोनवर म्हणाली होती. एसटी आणि रेल्वेत पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या गाडीनं जायचं, नाहीतर घरी बसायचं.

माझा स्वभाव तापट आणि मान ताठ, हे सांगायला मला लाज नाही. बेदाण्याचं शेड मी उभं केलं, चाळिशीत गाडी शिकले, आणि पोरीला फौजदार मी केलं, असं चारचौघात म्हणायचीही मी. आमचे हे नुसते हसायचे. संपालाही मी पुरून उरणार होते. तीन तास रांगेत उभी राहून टाकी भरली, घरी येऊन नळीनं निम्म्याहून जास्त पेट्रोल कॅनमध्ये काढलं आणि पुन्हा रांगेत लागले. माझ्यामागं एक मास्तर रिकामी मोटरसायकल ढकलत आले होते. त्यांच्याकडं मी बघितलंसुद्धा नाही. नंबर यायच्या आत पंप कोरडा पडला, पण कॅन तर भरला होता! वाटेत मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर कॅन आहेच, असा माझा हिशोब. हे एवढंच म्हणाले, "अगं, त्यो कॅन धुतलास का?" मी म्हटलं, "मला शिकवू नका."

आमच्याकडं लांबच्या प्रवासाआधी औंधच्या यमाईला जातात. विट्यावरून औंधला पोचेपर्यंत एकाही पंपावर थेंब मिळाला नाही. देवीपुढं हात जोडून मी म्हणाले, "आई, सगळी तयारी झाली आहे, तुला काही त्रास देत नाही." देवीला असं सांगणारी मीच एक शहाणी! डोंगर उतरून खाली आलो, कॅन टाकीत रिकामा केला आणि निघालो.

रहिमतपूरच्या अलीकडं एका गावात गाडीला उचक्या लागल्या, मागून पांढरा धूर निघाला आणि गाडी बंद पडली. नशिबानं समोरच एक गॅरेज होतं. गॅरेजवाले सलीमभाई. त्यांनी टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरलं.

"ताई, ह्यात तेल हाय. कशात ठिवलं हुतं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवतो, त्या तेलाचा तो कॅन. रिकामा दिसला म्हणून मी घाईत तसाच भरला होता. हे एक शब्द बोलले असते तर मी भांडले तरी असते.

"टाकी धुतो, फिल्टर साफ करतो," सलीमभाई म्हणाले, "पन आत घालायला काय? पुण्याच्या म्होरं पंप चालू हायत म्हनं. तितवर जायला पायजे. माझ्या मोटरसायकलीतलं घ्या. बाकीचं गल्लीत मागा."

"तुम्हीच मागा की भाऊ, तुमच्या ओळखीचे लोक."

"मी मागिटलं तर धंद्याला मागतोय म्हनतील. तुमी लेकीचं सांगा."

हे उठायला लागले, त्यांना मी बसवलं. चूक माझी होती. पण पाय उचलेना. आणि मग एकदम आठवलं ते जोगव्याचं. देवीचा जोगवा मागायचा म्हणजे परडी घेऊन पाच घरी जायचं, घरात पोत्यांनी धान्य असलं तरी जायचं, कारण मागितल्याशिवाय माणसातला मीपणा जात नाही. सासूबाई होत्या तोवर त्या मागायच्या. त्यांच्या माघारी मी एकदाही गेले नाही. शेजारणीच्या परडीत माझ्या नावाचं पीठ टाकून सुटायची. तो राहिलेला जोगवा आज देवी मागायला लावत होती, तोही परक्या गावात, भर उन्हात. मी डोक्यावर पदर घेतला आणि पहिल्या दारात उभी राहिले.

ते सलीमभाईंचंच घर निघालं. त्यांच्या अम्मा उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. मला बोलायचं होतं, पण रडूच आलं. पदर पसरून कसंबसं सांगितलं.

"पोरगी फौजदार झाली आन् तू रडतीस व्हय गं!" अम्मा म्हणाल्या. "आगं, हसत मागावं की!"

मग त्याच पुढं झाल्या. "आवं, हिची लेक फौजदार झालीया, परेड गाठायचीया!" असं ओरडत दारोदार निघाल्या आणि मी बाटली घेऊन मागं. कुणी मोटरसायकलची नळी काढून अर्धी बाटली दिली. दूधवाल्यानं जपून ठेवलेला लिटर आणला. त्याला उद्या गावोगाव फिरायचं होतं, तरी आणला. त्या पेट्रोलसाठी ते लोकही माझ्यासारखेच रांगेत ताटकळले असतील. पाच घरं कधीच झाली होती, पण लोक थांबेनात. मला त्या मास्तरांची रिकामी मोटरसायकल दिसायला लागली आणि मान खाली गेली.

चार वाजता गाडी चालू झाली. पुण्याच्या पुढं खरंच पंप उघडे होते. सकाळी सातला मी पहिल्या रांगेत होते. वैशाली समोरून गेली तेव्हा तिची नजर सरळ होती, पण हनुवटी जराशी थरथरली आणि मला कळलं, तिनं मला पाहिलं.

परेड संपल्यावर तिला सगळं सांगितलं. कॅनचंही सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिथं जायचं, मग घरी." आणि वर्दी उतरवलीच नाही तिनं.

गल्लीत गाडी थांबली तशी बायका बाहेर आल्या. वैशालीनं अम्मांपुढं टाचा जुळवून कडक सॅल्यूट ठोकला. अम्मांनी तिच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. पलीकडच्या दारातून कुणीतरी विचारलं, "कुनाची गं पोरगी?"

"आमची," अम्मा म्हणाल्या.

एरवी मी ताडकन म्हणाले असते, माझी! त्या दिवशी देवीनं मला गप्प बसायची बुद्धी दिली. माझी लेक माझ्या एकटीची नाही, हे मी भर गल्लीत उभी राहून ऐकलं आणि उभ्या आयुष्यात वाटला नव्हता एवढा अभिमान मला वाटला.