आमच्या घराण्याचे दात

दवाखान्याच्या बाकावर पंचवीस वर्षं बसलं की किस्से आपोआप साठतात. इंदापूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडं मी तेवढी वर्षं जातेय. आमच्या घराण्यात चाळिशीला हिरड्या सुजतात, दात हलतात. आईचे गेले, धाकट्या भावाचे, म्हणजे तात्याचेही, गेले. माझे हलायला लागले तेव्हा ठरवलं, मी देणार नाही.

*

डॉक्टरीणबाईंनी तात्याला सांगितलं, "घराण्याची माहिती घेऊन या." दुसऱ्या दिवशी गडी सातबारा, वारसनोंदी, सगळी पिशवी घेऊन हजर.

"तात्या, जमीन कशी वाटली गेली ते नको. कुणाचे दात कधी पडले ते सांगा."

"दोन्ही संगंच गेलं, बाई."

*

मी शाळेची पायरी चढले नाही. लेकीच्या पुस्तकांवर वाचायला शिकले आणि जनुकं काय असतात तेही तिथंच वाचलं. तरी बाईंना विचारलंच. त्या म्हणाल्या, "दातांवरची घाण सगळ्यांची तीच असते. एकाच्या हिरड्या थोड्या चिडतात, दुसऱ्याच्या पेटून उठतात. हा फरक जनुकांमुळं पडू शकतो. तुमच्या घरात धोका जास्त दिसतो. पण धोका म्हणजे निकाल नव्हे."

त्याच दिवशी मी दातांना लावायच्या तंबाखूच्या मिश्रीचा डबा चुलीत टाकला.

*

तात्यानं त्यातलं सोयीचं तेवढंच ऐकलं. "आक्का, रक्तातच हाय म्हणल्यावर घासून काय हुनार?" आणि मिश्रीचा डबा बायकोपुढं, सुमनपुढं सरकवला. आमच्याकडं पाहुण्याला चहाआधी मिश्री विचारतात.

मी म्हणाले, "सुमन तर बारामतीची. तिचं दात कुणाच्या रक्तानं गेलं?"

सुमनच्या तोंडात मिश्री. तिनं नुसतं तात्याकडं बोट केलं.

*

तेव्हाच तात्या पैजेवर आला. "सत्तरीला दातानं ऊस सोलून दाखव. फेटा तुझ्या पायावर ठेवीन."

पंचवीस वर्षं दोन वेळा घासलं. बाई बोलावतील तेव्हा जाऊन दात साफ करून घेतले. बाकावर शेजारी बसणाऱ्या सगळ्या कवळ्या करून गेल्या.

गेल्या महिन्यात सत्तर भरली. कळंबच्या रानात ऊसतोड चालू होती. बांधावर बसले, ऊस उचलला आणि शेंड्यापासून बुडापर्यंत दातानं सोलला. टोळी कोयते थांबवून बघत होती. रस हनुवटीवरून गळला, पुसला नाही.

तात्यानं फेट्याला हात घातला.

"ऱ्हाऊ दे डोक्यावर, ऊन हाय," मी म्हणाले. "डबा ठिव."

त्यानं खिशातला मिश्रीचा डबा माझ्या पायापाशी ठेवला.

मागून सुमन आली. तिनं कमरेचा स्वतःचा डबा काढला आणि तात्याच्या डब्यावर ठेवला.