गाडी तुझी, देव आमचा

केळीच्या बुंध्याशी न लावताच पाच रोपं उगवतात ना, तसे आमच्या घरभेट मंडळाचे किस्से! एक सांगायला घ्यावा तर शेजारून दुसरा डोकं वर काढतो. फिलूमावशी आणि मी आजही भेटलो की चहा गार होतो, त्यावर साय धरते आणि आम्ही आपल्या त्या जुन्या दुपारींमध्ये हरवलेल्या असतो.

मंडळ म्हणजे काय, तर चर्चमधल्या चार बायका, फिलूमावशी त्यांची म्होरकी. आजारी, म्हातारी, एकटी माणसं असतील त्यांच्या घरी जायचं, माळेवर रोझरी म्हणायची, औषधपाण्याचं बघायचं, गप्पा मारायच्या. त्यात मी कशी शिरले, तो पहिला किस्सा.

इनास, माझा नवरा, गेला तेव्हा आमच्या लग्नाला धड दहा वर्षंही झाली नव्हती. तो आजारी असताना त्याच्यासाठी मी नऊ-नऊ दिवसांच्या नोव्हेना केल्या, उपास केले, गुडघे सोलवटून घेतले. काही उपयोग झाला नाही. मग देवाशी कट्टी! रविवारची घंटा वाजली की मी मिक्सर लावायची.

अशात एके दिवशी फिलूमावशी आली. इनासची व्हॅन अंगणात उभी होती आणि गावात गाडी चालवणारी बाई मी एकटीच.

"मावशी, मी प्रार्थना म्हणणार नाही," मी आधीच बजावलं.

"तुला कोण सांगतंय म्हणायला? तू गिअर टाक. गाडी तुझी, देव आमचा!"

करार झाला.

*

सांडोरचे बस्त्यावकाका म्हणजे आमचं दर शनिवारचं घर. केळीच्या बागेत बैठं घर, पाटाला पाणी सोडलेलं, पानांमधून हिरवा उजेड थेट ओसरीवर यायचा. तिथे पाय ठेवला की माणूस अर्धा झोपेतच जायचा. काका तर पूर्ण!

त्यांच्याकडे नियम असा, की रोझरी घरच्या कर्त्याने सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. काका सुरुवात झोकात करायचे, आणि मध्यावर आले की हनुवटी छातीला. पुढे कोण सांगणार? कर्ता तर जिवंत आहे, समोर बसलाय! मग सगळ्याजणी मणी बोटात धरून गप्प. पाटाचं पाणी तेवढं बोलत राहायचं. मी उंबऱ्याबाहेर पायरीवर बसून बघायची आणि हसू दाबायची.

बऱ्याच वेळाने काका डोळे उघडायचे आणि नेमके त्याच मण्यावरून पुढे सुरू!

एकदा मी बाहेरून विचारलं, "काका, कुठे गेला होतात?"

"जरा तिकडे जाऊन आलो."

"कोन भेटलं?" मी त्यांच्याच बोलीत चिडवलं.

"बायको. अजून रागातच हाय."

तेव्हापासून दर शनिवारी 'तिकडची' खबरबात मिळायला लागली. कधी काकांची मेलेली म्हैस भेटायची, कधी शाळेतले मास्तर. इनासचं मी कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

*

आता व्हॅनच्या हॉर्नचं सांगते. तो बेडकासारखा डराव करायचा, तोही लहर लागली तर. हॉस्पिटलमध्ये इनास मला शेवटचं काय म्हणाला असेल? "हॉर्न दुरुस्त करून घे." बस्स! ना प्रेमाचा शब्द, ना निरोप. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, फिलूमावशीलाही नाही. आणि हॉर्नही दुरुस्त केला नाही. केला असता तर इनासचं सांगितलेलं शेवटचं कामही संपलं असतं.

तर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे आम्ही साक्षात देव मानतो ती पवित्र भाकर, द्यायला आमच्याबरोबर यायचे. तिची चांदीची छोटी डबी छातीवरच्या खिशात, वर हात धरलेला, आणि वाटेत एक शब्द बोलायचा नाही, हा रिवाज. फादर पाळायचे, मागे बसलेली फिलूमावशी फादरांपेक्षा जास्त पाळायची!

गोखिवऱ्याकडे जाताना हवालदारांनी शिट्टी मारली. "हॉर्न का देत नाही, बाई?"

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर फादरांवर गेली. डोळे मिटलेले, हात छातीवर, ओठ पुटपुटतायत.

"अहो, यांना अ‍ॅटॅक आलाय!"

झालं! हवालदार मोटरसायकलवर पुढे, शिट्टी फुंकत, हातगाड्या बाजूला करत. मी मागे. फादर मान हलवून 'नाही, नाही' करतायत, तर हवालदार ओरडतायत, "हलू नका साहेब!" मागून फिलूमावशी तोंडातून अवाक्षर न काढता माझ्या पाठीत बोटं टोचतेय.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. आता कुणीतरी बोलायलाच हवं होतं. त्या रिवाजाने न बांधलेली मी एकटीच.

"साहेब, त्यांना काही झालेलं नाही. त्यांच्या खिशात देव आहे."

हवालदारांनी टोपी काढली. खिशाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग जा. पण देव सोबत आहे म्हणून राँग साइडने घुसायचं नाही हं!"

सगळे हसले. मी मात्र स्टिअरिंग धरून तशीच बसले होते. 'देव आहे' हे वाक्य माझ्या तोंडून गेलं होतं.

*

त्याच गोखिवऱ्यात एका बिल्डिंगमध्ये, आम्ही भेटायला जायचो त्या आजारी बाईंच्या समोरच्या दारात साताऱ्याकडच्या एक आजी राहायच्या. मुलगा-सून मुंबईला कामाला, आजी दिवसभर दार उघडं टाकून बसलेल्या. आत प्रार्थना सुरू झाली की मी जिन्यात बसायची, आजी मेथीची जुडी माझ्या मांडीत टाकायच्या. "बसलीच हायेस तर निवड."

एकदा म्हणाल्या, "तू गं का नेहमी भाईर? भांडलीस?"

"हो."

"कुणाशी? बायांशी?"

मी बोटाने वर दाखवलं.

आजींनी वर बघितलं, एक देठ मोडला आणि म्हणाल्या, "मंग बरं हाय. परक्याशी कोण भांडतंय?"

आणि दुसरी जुडी टाकली!

त्या दिवशी आतलं गाणं जिन्यात झिरपत होतं, मेथीचा वास बोटांना लागला होता, आणि मला उगाचच खूप रडू आलं. आजींनी माझ्या मांडीतली मेथी आपल्याकडे ओढली आणि निवडायला घेतली.

*

आणि हा शेवटचा. त्या शनिवारी बस्त्यावकाका खाटेवर होते, खंगलेले. अंगणात चाफ्याची फुलं पडली होती. रोझरी सुरू झाली आणि नेहमीच्याच जागी काकांचे डोळे मिटले. या वेळी फार वेळ. फिलूमावशीने नाकापाशी बोट धरून बघितलं आणि मान हलवली, श्वास आहे.

आम्ही थांबलो. पाटाचं पाणी, केळीची पानं, बाकी काही नाही.

काकांनी डोळे उघडले ते थेट दाराकडे. "रीटा, इनास भेटला."

मी पायरीवरून उठले. "काय म्हणाला?"

"घाईत व्हता. म्हनाला, तिला इचारा, हॉर्न अजून तसाच ठेवलाय काय?"

काकांनी हातातली माळ दाराच्या दिशेने पुढे केली. "आता फुडचं तू सांग. मला दम लागतो."

माळ घ्यायची तर आत जायला हवं होतं. मी चपला काढल्या.

माळेतल्या उरलेल्या 'नमो मारिया' प्रार्थना मी सांगितल्या. एकही शब्द विसरले नव्हते, हेच मेलं नवल!

दुसऱ्या दिवशी रविवार, गॅरेज बंद, हॉर्न तसाच. मी व्हॅन काढली आणि चर्चच्या आवारात वळताना हॉर्न दाबला. बेडूक असा काही डरावला की दारातली सगळी माणसं मागे वळली. आत फिलूमावशी तेवढी वळली नाही. ती बाकावर एकीची जागा करून जरा आत सरकून बसली.