कांदा काढून मुळा घातलेल्या पिशव्या

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. उद्यापर्यंत थांबले तर मी हे असं सांगेन की जणू सगळं ठरवूनच केलं होतं. तशी सवयच आहे मला.

मी मूळची म्हसवडकडची, दुष्काळी भागातली. आमच्याकडं घरात मेथीची पेंडी आली की शेजारणीला कळायचं. बाजार आठवड्याचा, भाजी दोन दिवसांची, मग मटकी नाहीतर पिठलं. त्यामुळं आष्ट्याजवळच्या या गावात शिक्षिका म्हणून लागले तेव्हा चहूकडचं हिरवंगार बघून लय खूश झाले. महिन्याभरानं कळलं की हे हिरवं म्हणजे ऊस आणि हळद. भाजी इथंही आष्ट्याच्या बाजारातनंच यायची, एसटीत चेंगरून, आणि तीनचार दिवसांनी पोरांच्या डब्यात परत चटणी-चपाती. डबे बघून मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी गप बसत नाही, वही काढते.

वहीत योजना अशी. चौथीतल्या एका मुलीची आई, मी तिला वैनी म्हणते, विहिरीच्या कडेला भाजी पिकवायची आणि आष्ट्याला नेऊन विकायची. म्हणलं, गावची भाजी गावातच का नको? शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रत्येक पोराच्या हातात एक पिशवी, पैसे आयांनी वैनीला द्यायचे. पालकसभेत सगळ्या आयांनी माना डोलावल्या. वैनीनं मात्र विचारलं, "बाई, नक्की ना? बाजारातली माझी बसायची जागा मोक्याची हाय. मी न्हाई गेले की दुसरी कोणतर बसंल."

"वैनी, आता शाळाच तुमचा बाजार," मी म्हणलं. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन आईला फोनवर परत ऐकवलं. वैनीनं बाजारातली जागा जावेला दिली आणि चार वाफे वाढवून मेथी, शेपू, मुळा टाकला. कांदा तिच्या घरचा होताच.

गावात निम्मी घरं जैन. मी त्यांच्यातल्याच एका काकूंकडं वरच्या खोलीत भाड्यानं राहते, जेवतेही त्यांच्याकडंच. त्यामुळं आपल्याला सगळं माहिती, अशी माझी समजूत. जैन घरात कांदा चालत नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून मी जैन घरांच्या पिशव्या वेगळ्या काढल्या, त्यांतला कांदा काढला आणि त्याच्या जागी मुळा घातला. पाल्यासकट, चांगले दोन-दोन. वर हिरवी फीत बांधली, म्हणजे बाईंना किती जाण आहे ते दिसावं.

पहिल्याच शनिवारी संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला एक पिशवी लटकलेली. हिरव्या फितीची. काकूंचा नातू माझ्याच वर्गात, म्हणजे पिशवी त्याची. मला भरूनच आलं. एवढी ताजी भाजी, स्वतः न खाता भाडेकरणीला दिली. खोलीतल्या छोट्या गॅसवर मी ती मेथी परतली. लसूण घालून.

दुसऱ्या शनिवारी परत तेच. आणि सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात अजून अकरा पिशव्या, ओळीनं मांडलेल्या, फीतसुद्धा न सोडलेल्या. मेथी पिवळी, शेपू चिकट. पोरं म्हणाली, "आई म्हणली, बाईस्नी लागत असंल तर दे." मी ठरवून टाकलं की या आयांना भाजी निवडायचा कंटाळा आहे. त्यांना बोलावून घेतलं, काकूही आल्या, आणि मी पालेभाजीवर पाऊण तास बोलले. लोह, रक्त, डोळे, सगळं. फळ्यावर मेथीची पेंडी काढली, ती खराट्यासारखी दिसत होती. एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी जेवायला बसले. ताटात दोडका. वाढता वाढता काकू म्हणाल्या, "लय चांगलं बोलला, बाई."

"मग पिशव्या परत का येतात, काकू?"

"आवं, चातुर्मास हाय न्हवं. पावसाळ्यात पाल्यात बारीक जीव असत्यात. कार्तिकापतुर आमच्यात पालेभाजी आणत न्हाईत."

"पण मी कांदा काढला होता की."

"व्हय, काढला. आन मुळा घातला. मुळा काय येलाला लागतो व्हय? कांद्यागत त्यो बी जमिनीतलाच." काकू पदरात तोंड घालून हसल्या.

आधी का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुमी एवढी फीत बांधून दिली. न्हाई कसं म्हणायचं?"

दोन पावसाळे मी त्यांच्या घरी जेवले होते. दोडका, दुधी, मूग, परत दोडका. आणि दोन्ही पावसाळे आईला फोनवर सांगत होते की काकू पालेभाजीला जरा हात आखडताच घेतात.

सकाळी शाळेआधी वैनीच्या मळ्यात गेले. मेथी फुलावर यायला टेकलेली. मी सगळं सांगितलं. तिनं खुरपं खाली ठेवलं.

"त्यास्नी पाला दिला तुमी?"

"दिला."

"मुळा बी?"

"मुळा पण."

"मला वाटलं त्यांच्या पिशवीत दुसरं कायतर घालत असशीला. शिकलेलं माणूस." ती हसली, मग हसायची थांबली. "एवढी मेथी आता कुठं नेऊ, बाई? जागंवर जाऊ बसली. ती आता उठायची न्हाई."

या वेळी वही उघडली नाही. मी काकूंकडंच गेले. त्या म्हणाल्या, "आमच्या बांधाला दोडकं, दुधी लोंबत्यात, खाऊन सरत न्हाईत. पिशव्या बंद करा. शनिवारी सगळ्याजणी शाळंत आणू, ज्याला जे चालतं त्ये त्यानं घ्यावं. आन वैनीला बसवा तिथं. बाजारात बसलेली बाई हाय, कुणाच्यात काय चालतं तिला ठाव हाय."

वैनी तयार झाली, पण एका अटीवर. "बाईंनी भाजीला हात लावायचा न्हाई."

तोवर निम्मी मेथी फुलावर गेली, ती म्हशीनं खाल्ली. उरलेली, वैनी बसली त्या पहिल्याच शनिवारी, व्हरांड्यावरनं अर्ध्या तासात उठली. काकूंचा दुधी दुसऱ्या आळीत गेला, आणि कुणाला काय द्यायचं हे वैनी पिशवी बघून नाही, तोंड बघून ठरवते. मी चटई अंथरते आणि बाजूला उभी राहते. काल ती म्हणाली, "हे बरं चाललंय, पर उन्हाळ्यात शाळंला सुट्टी लागली की मी बसू कुठं?" मी वही उघडली. तिनं ती माझ्या हातातच मिटवली आणि म्हणाली, "आदी काकूस्नी इचारा."

विचारणार आहेच. पण तुम्ही पण सांगा, तुमच्या गावात सुट्टीत असं काय चालू ठेवलंय का कुणी? आणि खरं सांगा, ज्यांच्या घरी रोज जेवता त्यांनाच काय खावं ते पाऊण तास शिकवून, वर टाळ्या पण घेतल्यात, असं तुमचं कधी झालंय का?