पाहुण्याच्या सुरईचे तडे
हमरापूरच्या रस्त्याला ओल्या रंगाचा वास आला की मला कोरियाचा एक कुंभार आठवतो. त्याच्या खेड्यात शेकडो वर्षं फिकट हिरव्या झिलईची भांडी भाजतात. तो इथला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना पाहायला आला, तेव्हा भेट म्हणून त्याने तशीच एक सुरई आणली होती. त्याच्या स्वागताच्या मंडपात दोन संस्कृतींच्या सेतूवर भाषणं सुरू झाली आणि मूर्तींचे डोळे आखणाऱ्या बाईंना सुरईवर बारीक तड्यांचं जाळं दिसलं. तडकलेली मूर्ती इथे कोणी घरी नेत नाही. “बिचाऱ्याची वाटेत तडकली गो, लोक हसतील त्याला,” असं जावेला सांगून त्यांनी सुरई गुपचूप आत नेली, तडे मूर्तीच्या भेगा भरायच्या लांबीने बुजवले, घासले आणि वर हिरवा हात मारला. भाषणं चालूच होती, त्यामुळे रंग वाळायलाही वेळ मिळाला. शेवटी दुभाष्याने सांगितलं की झिलईतल्या त्या तड्यांसाठीच ही भांडी नावाजली जातात. सगळ्यांनी सुरईकडे पाहिलं. तडा एकही नव्हता. बाई पुढे आल्या. “मीच बुजवले. मला वाटलं, फुटली हाय.” कुंभाराने सुरई उजेडात फिरवली आणि काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, “हा हिरवा साधायला यांना वीस वर्षं लागली. तुम्हाला कसा जमला?” “मूर्तीतल्या मोराचा हिरवा उरला होता, त्यात पांढरा घातला.” कुंभार डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि जाताना सुरई परत मागून घेऊन गेला. तिकडे त्याने तिच्यावरचा रंग खरवडला असेल, असं मला आजही वाटत नाही.